सिझेरियननंतरचा पोटाचा पट्टा किती घट्ट आणि किती दिवस?

प्रश्न : माझे वय ३१ असून १८ दिवसांपूर्वी सिझेरियनने माझे पहिले बाळंतपण झाले. दुसऱ्या दिवशी मला उठवून बसवताना परिचारिकेने पोटाला वेल्क्रोचा रुंद पट्टा बांधला आणि ‘हा वापरत राहा’ एवढेच सांगितले. घरी आल्यापासून त्यावरून रोज निराळे सल्ले ऐकते आहे. आईच्या मते पट्टा रात्रंदिवस आणि आवळता येईल तितका आवळून बांधायला हवा, नाहीतर रिकाम्या झालेल्या पोटात हवा भरते आणि पोट कायमचे सुटते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी दोन्ही बाळंतपणांत काहीच बांधले नव्हते. पट्ट्याची सवय लागली की पोटाचे स्नायू दुबळे होतात, असे त्या सांगतात. पतीने मोठ्या हौसेने कंबर बारीक करणारा, हुकांच्या तीन रांगांचा एक कडक पट्टा मागवला आहे. सध्या मी पहिलाच पट्टा दिवसभर आणि रात्रीही बांधते. बाळाला पाजायला बसले की तो गुंडाळत वर येतो, त्याची खालची कड टाक्यांवर घासते आणि जेवल्यानंतर घशाशी आंबट येते. गेले तीन-चार दिवस खोकला आला की थोडी लघवी होते आणि खाली काहीतरी जड उतरल्यासारखे वाटते. पट्टा सोडला की पोट होते तसेच सैल दिसते, आणि अंथरुणावरून उठताना पोटाच्या मधोमध एक उंचवटा उभा राहतो. पट्टा नेमका किती घट्ट, किती तास आणि किती दिवस बांधावा? त्याने पोट आत जाते का? माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. ते नैसर्गिक झाले तर तिनेही पट्टा बांधावा का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही इतर तक्रारींच्या गर्दीत, जाता जाता लिहून टाकले आहे. खोकल्याबरोबर लघवी होणे आणि खाली जड उतरल्यासारखे वाटणे, या दोन गोष्टी पट्टा गुंडाळला जाण्याच्या किंवा पोट सैल दिसण्याच्या रांगेत बसवण्यासारख्या नाहीत. म्हणून बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एवढे करा : आज रात्री झोपताना पट्टा काढून ठेवा, उद्यापासून तो बांधलाच तर पुष्कळ सैल बांधा, पतीने आणलेला हुकांचा पट्टा खोक्यातच राहू द्या, आणि सहा आठवड्यांच्या नेहमीच्या तपासणीची वाट न पाहता येत्या दोन-चार दिवसांत तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ही लक्षणे स्पष्ट शब्दांत सांगा. शस्त्रक्रियेच्या वेळी लघवीसाठी नळी घातलेली असते, त्यामुळे लघवी करताना जळजळ होत असेल किंवा वारंवार जावे लागत असेल तर तेही सांगा. संसर्ग झालेला नाही ना, हे लघवीच्या साध्या तपासणीतून कळते. घाबरून जाण्याचे कारण नाही. अठराव्या दिवशी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू थकलेलेच असतात, कारण बाळ पोटातून बाहेर काढले असले तरी नऊ महिने त्याचा भार त्याच स्नायूंनी पेललेला असतो, आणि बहुतेक जणींमध्ये हा त्रास योग्य व्यायामाने कमी होत जातो. मात्र थकलेल्या स्नायूंवर वरून आणखी दाब देणे योग्य नाही, आणि आवळून बांधलेला पट्टा नेमके तेच करतो.

हे कसे होते ते समजून घेतले की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तुम्हालाच सुचतील. आपले धड हे सर्व बाजूंनी बंद असलेल्या पिशवीसारखे आहे. वर श्वासपटल, मागे पाठीचा कणा, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, आणि तळाशी मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना झोळीसारखे उचलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. या पिशवीला मध्यावर करकचून बांधले तर आतला ऐवज नाहीसा होत नाही. तो दाब वर तरी जातो किंवा खाली तरी. वर गेला की जठरातील आम्ल घशाशी येते आणि श्वास पुरता भरत नाही. खाली गेला की तळ जड होतो आणि खोकल्याच्या धक्क्याला मूत्राशयाचे तोंड टिकाव धरत नाही. तुम्हाला जेवणानंतर होणारा आंबटपणाचा त्रास आणि खालचा जडपणा या मला एकाच पट्ट्याच्या दोन टोकांच्या तक्रारी वाटतात, आणि पट्टा सैल केल्यावर चार दिवसांत त्यांत काय फरक पडतो हे पाहिले तर त्याची बरीचशी खात्री होईल.

मग परिचारिकेने पट्टा बांधला तो कशासाठी? शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा खोकला येतो तेव्हा बाळंतिणीचा तळहात आपोआप टाक्यांवर जातो. तिला ते कोणी शिकवलेले नसते. त्वचा, चरबी, तिच्याखालचे घट्ट आवरण, पोटाच्या आतला पडदा आणि गर्भाशय इतके थर कापून पुन्हा शिवलेले असतात (पोटाचे उभे स्नायू मात्र बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात), आणि खोकताना, हसताना, शिंकताना किंवा कूस बदलताना ते सगळे थर एकदम ताणले जातात. त्या वेळी तळहात जो आधार देतो तोच आधार पट्टा देतो, फरक इतकाच की पट्ट्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्या लेखी पोटाच्या पट्ट्याचे खरे काम इतकेच आहे, आणि पट्टा किती घट्ट असावा याचे मापही त्यातूनच मिळते : खोकताना तुम्ही स्वतःच्या हाताने टाके जेवढे दाबून धराल, त्यापेक्षा पट्ट्याचा दाब जास्त नसावा. स्वतःचे दुखरे पोट कोणी दिवसभर मुठीत आवळून धरत नाही.

सिझेरियननंतरच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींमध्ये पट्टा बांधलेल्या स्त्रियांना पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणे कमी जाणवले आणि चालणे सोपे गेले. काहींमध्ये दुखण्यात म्हणावा तसा फरक आढळला नाही. पट्ट्याने रक्तस्राव थांबतो असे मात्र मानून चालू नये. तरीही पहिल्या दिवसांत पट्टा वापरायला मी सहसा विरोध करत नाही, कारण भीती कमी झाली की बाई लवकर उठते, आणि लवकर उठून चालणे फार मोलाचे असते. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच वाढलेला असतो, शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी. आणि त्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालणे. पट्ट्यामुळे तुम्ही चालत असाल तर तो उपयोगी पडतो आहे. पट्टा बांधून दिवसभर पडून राहत असाल तर त्याचा उपयोग नाही, आणि तो फार आवळलेला असेल तर पायांकडून वर येणारे रक्त उलट संथ होते.

आता आईंचे म्हणणे. बाळ बाहेर आल्यावर पोटात पोकळी राहते आणि तिच्यात हवा भरते ही समजूत बरीच पसरलेली आहे, पण तशी मोकळी जागा पोटात राहत नाही. बाळाने वर आणि बाजूला ढकललेली आतडी हळूहळू आपल्या जागी परत येतात. बाळंतपणानंतर पोट फुगल्यासारखे वाटते ते खरे आहे, परंतु तो वायू आतड्यांमधलाच असतो, शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही दिवस मंदावल्यामुळे साठलेला. तो पट्ट्याने बाहेर पडत नाही, हिंडण्याफिरण्याने पडतो.

पोट आत जाते का, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पोट मोठे दिसण्यामागे एकच कारण नसते हे लक्षात घ्यायला हवे. पहिले कारण गर्भाशयाचे. प्रसूती झाल्या झाल्या त्याचे वजन सुमारे १ किलो असते आणि त्याचा माथा बेंबीच्या आसपास हाताला लागतो. तिथून तो रोज साधारण एक बोट खाली सरकतो. आठवडाभरात वजन ५०० ग्रॅमच्या घरात येते, दोन आठवड्यांच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या पोकळीत उतरून बाहेरून चाचपता येईनासे होते, आणि सहा आठवड्यांपर्यंत ते १०० ग्रॅमच्या आत येते. हे सारे गर्भाशय स्वतःच्या आकुंचनाने करते. बाळ दूध ओढू लागले की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक सुटते आणि त्याने गर्भाशय आवळते. पाजताना पहिल्या आठवड्यात ज्या बारीक कळा येत होत्या त्या याच. गर्भाशय लहान करण्यात बाहेरच्या पट्ट्याचा वाटा नसतो.

दुसरे कारण स्नायूंचे, आणि तुम्ही पाहिलेल्या मधल्या उंचवट्याचा खुलासा त्यात आहे. बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत पोटाच्या पुढच्या बाजूने स्नायूंचे दोन उभे पट्टे जातात आणि मधोमध ते एका पांढऱ्या, चिवट शिवणीने जोडलेले असतात. वाढत्या गर्भाला जागा देण्यासाठी ही शिवण रुंदावते. गरोदरपणाच्या अखेरीस जवळजवळ प्रत्येकीच्या पोटात हे अंतर पडलेले असते. याला डायास्टॅसिस म्हणतात. त्या अवस्थेत तुम्ही उताणे असताना एकदम डोके आणि खांदे उचलून उठू लागलात की आतला दाब त्या पातळ झालेल्या शिवणीतून वर येतो आणि मध्यावर नावेच्या तळासारखा उंचवटा दिसतो. नॉर्वेमध्ये पहिल्यांदाच आई होणाऱ्या ३०० स्त्रियांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुमारे ६० टक्के, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षभराने सुमारे ३३ टक्के जणींमध्ये हे अंतर आढळले. म्हणजे बऱ्याच जणींचे अंतर काळाबरोबर आपसूक कमी होत जाते, पण ते सहा आठवड्यांतच मिटायला हवे अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर ते घरी पाहता येते : पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, बेंबीच्या जरा वर बोटांची टोके आडवी ठेवायची, आणि श्वास सोडत डोके थोडेसेच उचलायचे. दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट होतात आणि त्यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते कळते. दोनपेक्षा जास्त मावली, किंवा बोटे खोल रुतत गेली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. टाके ओले असताना ही परीक्षा घेण्याची घाई नको.

उरलेली कारणे ताणलेल्या त्वचेची आणि गरोदरपणात साठलेल्या चरबीची आहेत. दाब देऊन चरबी वितळत नाही. पट्टा बांधलेला असतो तोवर पोट सपाट दिसते, सोडला की जसेच्या तसे दिसते, हे तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि ते पट्ट्याबद्दलचा बराच वाद मिटवणारे आहे. डायास्टॅसिस असलेल्या पोटाला पट्ट्याने उठताबसताना आधार वाटतो, पण शिवण पुन्हा ताठ होते ती खोल स्नायू कामाला लागल्यावर.

इथे जाऊबाईंचे म्हणणेही तपासू. चार-सहा आठवडे, दिवसातले काही तास पट्टा बांधल्याने स्नायू दुबळे होत नाहीत. पट्टा बांधून चालतानाही ते काम करतच असतात. महिनोन्‌महिने रात्रंदिवस पट्टा बांधून ठेवणारी बाई मात्र पोटाने करायचे काम पट्ट्यावर सोपवते आणि तो काढताच तिला कंबर मोडल्यासारखी वाटते. म्हणून जाऊबाईंचा इशारा चुकीचा नाही, तो पहिल्या काही आठवड्यांना लागू होत नाही एवढेच.

बांधण्याच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे पट्ट्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींनी तो उभ्याने आणि वरून बांधलेला असतो. उभे राहिल्यावर पोट खाली आलेले असते. अशा वेळी बेंबीच्या वर आधी घट्ट ओढले की सारा भार पट्ट्याच्या खालच्या बाजूला लोटला जातो. त्याऐवजी पट्टा अंथरुणावर पसरा, त्यावर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा आणि दोन-तीन शांत श्वास घ्या. नितंबांच्या वरच्या भागावर आणि कंबरेच्या हाडांवर पट्टा टेकला पाहिजे. त्याची खालची कड टाक्यांच्या ओळीवर न येता तिच्या पुष्कळ खाली, जांघेच्या हाडाजवळ यायला हवी, आणि वरची कड बरगड्यांच्या खाली थांबायला हवी. सिझेरियनचा आडवा छेद जांघेच्या हाडाच्या साधारण दोन बोटे वर असतो, त्यामुळे पट्टा जरा जरी वर सरकला की कड बरोबर टाक्यांवर येते, आणि तुमचे नेमके तेच होते आहे. टाक्यांवर मऊ, कोरडे सुती कापड ठेवून मग श्वास सोडता सोडता पट्ट्याची खालची बाजू लावा, त्यानंतर वरची, आणि वरची बाजू खालच्यापेक्षा निश्चित सैल ठेवा. आता पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, पूर्ण श्वास भरता आला पाहिजे, आणि एखादे लांब वाक्य मध्ये न थांबता बोलता आले पाहिजे. उठून उभ्या राहिल्यावर खाली जडपणा वाढला तर पट्टा अजून घट्ट आहे असे समजून तो पुन्हा सोडा.

बसल्यावर पट्टा गुंडाळतो तो बहुधा तुमच्या धडाच्या मानाने रुंद असल्यामुळे. बसले की बरगड्या आणि मांड्या यांतले अंतर कमी होते आणि जास्तीचे कापड मधोमध दुमडते. योग्य मापाचा दुसरा पट्टा मिळाला तर उत्तमच, पण पाजताना तो मुळात हवाच कशाला? त्या वेळी तुम्ही हालचाल करत नसता. पाजायला बसताना, जेवताना आणि झोपताना पट्टा सोडून ठेवावा. चालताना, उभ्याने काम करताना, जिना चढताना, किंवा खोकल्याची उबळ येत असेल तेव्हा बांधावा. एका बैठकीला दोन-तीन तासांवर तो ठेवू नये, मध्ये त्वचेला वारा लागू द्यावा. काढल्यावर उमटलेले वळ थोड्या वेळात विरले पाहिजेत. लाल चट्टे, खाज किंवा पुरळ टिकून राहिले तर घाम साठतो आहे किंवा पट्टा घट्ट होतो आहे. धुताना वेल्क्रो बंद करून धुवावा, म्हणजे त्यात धागे अडकत नाहीत, आणि गरम पाण्यात टाकू नये, कारण इलॅस्टिक मरते. दमट पट्टा टाक्यांवर बांधण्यापेक्षा त्या दिवशी न बांधलेला बरा.

अंथरुणावरून उठण्याची रीत बदलली तर पोटावरचा उंचवटाही दिसेनासा होईल. आधी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकत्र ठेवून अंग एका कुशीवर वळवा, पाय कडेखाली सोडा आणि श्वास सोडत कोपराच्या व तळहाताच्या जोरावर उठून बसा. श्वास रोखून जोर लावू नये, हे शौचाच्या वेळीही लागू आहे. बद्धकोष्ठतेत कुंथल्याने तळावर पडणारा दाब पट्ट्याइतकाच वाईट, तेव्हा ती तक्रार असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यायला संकोचू नका. पहिल्या सहा आठवड्यांत बाळापेक्षा जड काही उचलू नये. बाळाला उचलतानाही आधी श्वास सोडायला सुरुवात करावी आणि मग उचलावे.

आता पट्टा किती दिवस. सर्वसाधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांत त्याची गरज सर्वांत जास्त असते, चौथ्या आठवड्यापासून ती कमी व्हायला लागते आणि सहा ते आठ आठवड्यांत तो सुटावा. एके दिवशी अचानक सोडण्यापेक्षा सकाळी, अंग ताजेतवाने असताना, पट्ट्याशिवाय वावरून पाहावे आणि थकवा जाणवतो त्या संध्याकाळच्या वेळेसाठी किंवा लांब चालण्यासाठी तो राखून ठेवावा. त्याच काळात खोल स्नायूंना जाग आणायची. पाठीवर किंवा कुशीवर झोपून, श्वास सोडताना लघवी आणि वायू दोन्ही रोखून धरल्यासारखे खालचे स्नायू हलकेच आत-वर ओढावेत, त्याबरोबर ओटीपोट पाठीकडे किंचित ओढले जाते. तीन-चार सेकंद धरून पूर्ण सैल सोडावे. सुरुवातीला पाच-सहा वेळा, दिवसातून तीनदा पुरे. सोडणेही ओढण्याइतकेच महत्त्वाचे असल्याने ते घाईने करू नये. टाक्यांत दुखत नसेल तर हे तुम्ही आजपासूनही करू शकता, आणि हे करताना पट्टा काढलेला असावा. पोट कमी करण्याच्या ओढीने उताणे झोपून डोके-खांदे उचलत उठण्याचे (सिट-अप्स) किंवा दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम मात्र सध्या करू नका, मधल्या शिवणीवर त्यांचाच सर्वाधिक ताण पडतो.

हुकांच्या पट्ट्याबद्दल मी इतक्या ठामपणे लिहिले ते त्याच्या रचनेमुळे. शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा सर्व बाजूंनी ताणला जाणारा असतो आणि श्वासाबरोबर थोडा फुलतो. कंबर बारीक करणाऱ्या पट्ट्यात उभ्या ताठ कांड्या असतात, तो बेंबीच्या पातळीवर सर्वांत अरुंद असतो आणि फुलत नाही. त्यामुळे दाब वर-खाली ढकलण्याचे काम तो अधिक चोखपणे करतो. वैद्यकातले जुने पट्टे याबाबतीत बरेच शहाणे होते. सतराव्या शतकातील जर्मन शल्यविशारद योहानेस स्कल्टेटस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोटपट्टीला दोन्ही बाजूंनी अनेक शेपट्या असत आणि त्या खालून वर, एकीवर एक तिरप्या टाकत नेत. प्रत्येक शेपटीचा ताण निराळा ठेवता येई. एकाच वेल्क्रोने सारे पोट आवळताना आपण ती सोय गमावली आहे, म्हणून खालची आणि वरची बाजू वेगवेगळी लावण्याचा मी इतका आग्रह धरला.

तुमच्या बहिणीचे बाळंतपण नैसर्गिक झाले तर तिला पट्ट्याची गरज असतेच असे नाही. पोट लोंबकळल्यासारखे वाटत असेल आणि सैल आधाराने बरे वाटत असेल तर काही आठवडे वापरायला हरकत नाही. पण योनिमार्गाजवळ टाके घातलेले असतील किंवा जडपणा जाणवत असेल तर पोट आवळून बांधू नये. कंबरेच्या सांध्यांत किंवा जांघेच्या हाडाच्या जोडावर दुखत असेल तर त्यासाठी पोटावर न बांधता नितंबांभोवती बांधायचा अरुंद पट्टा मिळतो, त्याचा उद्देशच वेगळा आहे. आणि तिने आताच खरेदी करून ठेवू नये, कारण गरोदरपणीचे माप बाळंतपणानंतर उपयोगाचे राहत नाही.

पट्टा बांधलेला असो वा नसो, काही लक्षणांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा : ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, टाक्यांभोवती वाढती लाली, पू किंवा टाके उसवणे, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, टाक्यांजवळ न मावळणारी दुखरी गाठ, लघवी अजिबात न होणे, किंवा योनिमार्गात हाताला लागेल असे काही बाहेर आलेले असणे. एकाच पोटरीवर सूज व दुखणे, छातीत दुखणे, अचानक दम लागणे, आणि तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांसमोर धूसर होणे या तक्रारींसाठी तर तासाभराचाही विलंब करू नये. पोट सतत कापडाखाली झाकलेले असले की टाक्यांतले बदल उशिरा लक्षात येतात, म्हणून दिवसातून एकदा तरी चांगल्या उजेडात, आरसा धरून किंवा आईंना दाखवून, टाके पाहत जा.

पट्टा बांधताना आईंची मदत जरूर घ्या, फक्त बांधून झाल्यावर त्यांना स्वतःची दोन बोटे आत सरकवून पाहायला सांगा. बोटे अडली तर सोडून पुन्हा बांधायचा, हे त्यांच्यासमोरच ठरवून टाका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा हा पट्टा घरी ठेवून जाऊ नका. जसा रोज बांधता तसाच तिथे बांधून दाखवा, आणि खोकल्याच्या वेळी लघवी होते हे त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा.